‘पिक अप’ आणि ‘उचलणे’ : एका इंग्रजी फ्रेझल व्हर्बचे मराठी वजन

इंग्रजी विषयाच्या उत्तरपत्रिका तपासताना अध्यापकाच्या हातून जे अन्याय घडतात, त्यांपैकी बहुतेकांचा पत्ता त्याला स्वतःलाही लागत नाही. प्रस्तुत लेखाचे निमित्त अशाच एका अन्यायाचे आहे. फरक इतकाच, की त्याचा पत्ता योगायोगाने लागला. काही वर्षांपूर्वी पदवीच्या प्रथम वर्षाच्या एका अंतर्गत चाचणीत काही इंग्रजी वाक्ये मराठीत भाषांतरासाठी दिली होती. त्यांत ‘प्राइसेस पिक्ड अप बिफोर द फेस्टिव्हल’ असे एक वाक्य होते. सावदा परिसरातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्याचे भाषांतर ‘सणाआधी भाव उचलले’ असे केले. मी त्यावर लाल रेघ ओढली आणि बाजूला ‘भाव वधारले’ असे लिहिले. ‘पिक अप’ म्हणजे उचलणे एवढा एकच अर्थ पोराने पाठ केला आहे आणि तोच येथे ठोकून दिला आहे, अशी माझी खात्री होती.

पुढे काही दिवसांनी सावद्याला केळीच्या एका व्यापाऱ्याकडे बसलो असता फोनवरचे त्याचे बोलणे कानी पडले. ‘दोन दिवस झाले, बाजार जरा उचलला,’ असे तो पलीकडच्या माणसाला सांगत होता. रेघ ओढलेले वाक्य मला तेथेच आठवले. विद्यार्थ्याने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला नव्हता. घरात, बांधावर, बाजारात ऐकलेली मराठी त्याने लिहिली होती. इंग्रजीचे त्याचे आकलन माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक अचूक होते आणि मराठीचे माझे कमी.

या प्रसंगातून सुचलेला विचार असा : फ्रेझल व्हर्ब शिकवताना आपण ‘एक शब्द, अनेक अर्थ’ अशी यादी देतो आणि मराठीकडे केवळ अर्थ पुरवणारी भाषा म्हणून पाहतो. वस्तुतः मराठी क्रियापदालाही तेवढाच विस्तार, तेवढीच वळणे आणि स्वतःचे असे एक वजन असते. दोन्ही विस्तार एकमेकांवर ठेवून पाहिल्याखेरीज ते कोठे जुळतात आणि कोठे सुटतात हे समजत नाही. ‘पिक अप’ आणि ‘उचलणे’ ही जोडी या दृष्टीने फार बोलकी आहे.

इंग्रजीतील या क्रियापदसमूहाची अडचण नवी नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना सर्वाधिक कठीण जाते, असे नमूद करून ठेवले आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र बरीच उशिरा, लोगन पिअरसल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकातून रूढ झाली. ती आपल्याला हेन्री ब्रॅडली यांनी सुचवली असे स्मिथ यांनीच सांगितले आहे. १९७१ मध्ये ड्वाइट बोलिंजर यांचा स्वतंत्र ग्रंथ आणि १९७५ मध्ये काउवी व मॅकिन यांचा ऑक्सफर्डचा कोश आल्यावर या विषयाला अभ्यासशाखेचे रूप आले. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत व मार्गदर्शकांत मात्र तो अजूनही शेवटच्या पानांवरच्या दोन स्तंभी यादीत राहतो.

टिपणे, वेचणे आणि उचलणे

‘पिक’ या इंग्रजी क्रियापदाच्या मुळाशी टोकदार वस्तूने टोचण्याचा, चोचीने टिपण्याचा भाव आहे. बोट, चोच, दाभण अशा बारीक साधनाचे हे काम. खानदेशात राहणाऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. येथे कापूस वेचतात आणि केळी कापतात. कपाशीच्या बोंडातून बोटांच्या टोकांनी कापूस ओढून काढणे हे इंग्रजी ‘पिक’ आहे. केळीचा घड विळ्याने कापून खांद्यावर घेणे हे ‘पिक’ नव्हे. पाखरू दाणे टिपते, बाई कापूस वेचते, माळीण फुले खुडते, हमाल घड उचलतो. मराठीने प्रत्येक हाताला वेगळे क्रियापद दिले आहे. इंग्रजीने पहिल्या तिन्हींना बहुधा ‘पिक’वर भागवले आणि त्याला ‘अप’ जोडून चौथेही त्याच घरात आणले.

‘अप’ येथे नेमके काय करते? सर्वांत आधी दिशा : खालची वस्तू वर येते. पण तेवढ्यावर ते थांबत नाही. वस्तू वर येते ती उचलणाऱ्याच्या हाती येते, म्हणजे जी परकी होती ती आपली होते. स्वस्तात मिळालेली खुर्ची, प्रवासात कानावर पडलेला शब्द, रेडिओने पकडलेला दूरचा आवाज, गर्दीत लागलेली सर्दी, वाईट संगतीची सवय, हे सगळे इंग्रजीत ‘पिक अप’ होते, कारण हे सगळे वाटेत पडलेले होते आणि कोणाच्या तरी ताब्यात आले. तिसरी वाट चढाची : वर येणे म्हणजे सुधारणे, वाढणे. मंदावलेला धंदा, थकलेला रोगी, रेंगाळलेली गाडी, पडलेला भाव ‘पिक अप’ करतात. आणखी एक वाट आहे ती तुटलेले सांधण्याची. थांबलेले संभाषण किंवा अर्धवट सोडलेली गोष्ट जेथे सुटली तेथून पुन्हा हाती धरणे. चारही अर्थ एकाच मुळाचे फाटे आहेत हे एकदा दिसले, की यादी पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही. वर्गात मी हे फाटे फळ्यावर झाडासारखे काढून दाखवतो. विद्यार्थी उदाहरणे स्वतः आणतात आणि ती बहुधा योग्य फांदीवरच बसवतात.

आता मराठीकडे यावे. रोग, सवय आणि वास यांच्या बाबतीत मराठी उचलण्याची भाषा करीत नाही. इंग्रजी माणूस मलेरिया ‘पिक अप’ करतो. आपल्याकडे त्याला मलेरिया होतो, सवय लागते, वास येतो, केळीवर करपा पडतो. माणूस येथे कर्ता नाही, तो चतुर्थीत जाऊन बसतो आणि जे घडायचे ते त्याच्यावर घडते. हा फरक केवळ विभक्तीचा नाही. ‘त्याने सवय उचलली’ असे म्हटले तर त्याने ती मुद्दाम, दुसऱ्याकडून पाहून घेतली असा आरोप त्यात येतो. विद्यार्थ्यांच्या भाषांतरातील बऱ्याच चुका शब्द न कळल्यामुळे होत नाहीत; त्या कर्ता कोण हे न कळल्यामुळे होतात.

भाषा किंवा चाल शिकण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषा पुन्हा भेटतात. ‘पोरगी पटकन उचलते’ असे शिक्षक कौतुकाने म्हणतो, गवयाचा शिष्य चाल उचलतो, मुले घरात बोलला गेलेला नको तो शब्द नेमका उचलतात. त्याहून बारीक काम असेल तर मराठी ‘टिपणे’कडे वळते : बारकावे टिपणे, हालचाल टिपणे. म्हणजे ‘पिक’मधील चोच मराठीने येथे स्वतःच शोधून काढली.

वजन

दोन्ही क्रियापदांत खरे अंतर पडते ते वजनापाशी. ‘पिक अप’ हे हलक्या हाताचे क्रियापद आहे. पेन, फोन, किल्ली, रुमाल यांसाठी ते सहज येते. जड वस्तूसाठी इंग्रजी बहुधा ‘लिफ्ट’कडे जाते. उलट ‘उचलणे’ मुळातच भार गृहीत धरते. आपण खर्च उचलतो, जबाबदारी उचलतो, कर्ज उचलतो, बेलभंडार उचलून शपथ घेतो. घरातून प्रेत उचलल्यावर मागे जी शांतता उरते ती त्या क्रियापदातच कोठेतरी आहे. हॉटेलात कोणी ‘बिल पिक अप’ केले तर इंग्रजीत ती एक ऐटबाज सहजता असते. ‘लग्नाचा सगळा खर्च मामाने उचलला’ या वाक्यात मामाचा वाकलेला खांदा दिसतो. दोन्ही वाक्ये एकमेकांचे भाषांतर म्हणून चालतील, पण ती एकच गोष्ट सांगत नाहीत.

आव्हान स्वीकारण्याचा अर्थ दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे तो दरबारातून आला आहे. युरोपीय सरदार जमिनीवर फेकलेला हातमोजा उचलतो, आपला सरदार तबकातला विडा उचलतो. एकाच्या पायाशी द्वंद्व टाकलेले असते, दुसऱ्यापुढे मानाने ठेवलेले असते. इतके असूनही विद्यार्थ्याला ‘पिक अप द गॉन्टलेट’ समजावायला विड्यासारखे दुसरे साधन नाही. वर्गात हे सांगितल्यावर हातमोज्याचा अर्थ वेगळा विचारावा लागत नाही.

‘उचलणे’चा खरा विस्तार मात्र त्याच्या सोबतच्या क्रियापदांत आहे. इंग्रजी क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘ओव्हर’ अशी अव्यये जोडते. मराठी ‘घे’, ‘दे’, ‘टाक’, ‘ठेव’, ‘धर’, ‘ने’, ‘आण’ ही क्रियापदे जोडते. संयुक्त क्रियापद ही स्वतंत्र कोटी मानावी की नाही, हा मराठी व्याकरणातला जुना वाद आहे. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या व्याकरणापासून शालेय पुस्तकांपर्यंत त्याची चर्चा होत आली आहे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. इंग्रजी शिकवणाऱ्याला एवढेच पुरे, की अर्थ पालटण्याचे जे काम इंग्रजीत अव्यय करते त्यातील मोठा वाटा मराठीत दुसरे क्रियापद उचलते.

सावद्याच्या परिसरात केळी भरायला उभ्या असलेल्या एखाद्या गाडीजवळ पाच मिनिटे उभे राहिले तरी हे ऐकू येते. ‘घड उचल’, ‘घड उचलून घे’, ‘घड उचलून दे’ हे तीन वेगळे हुकूम आहेत. पहिल्यात घड जमिनीवरून सुटला की काम झाले. दुसऱ्यात तो ऐकणाऱ्याने स्वतःकडे घ्यायचा आहे. तिसऱ्यात वर गाडीत उभ्या असलेल्या माणसाच्या हाती द्यायचा आहे. ‘उचलून ठेव’ म्हटले तर तो बाजूला जाईल, ‘उचलून टाक’ म्हटले तर बहुधा तो खराब माल असेल. इंग्रजीत या सगळ्यांना ‘पिक इट अप’ पुरते. कोणासाठी उचलायचे हे इंग्रजी क्रियापद सांगत नाही, ते परिस्थितीवर सोडते. येथील लेवा गणबोलीत ‘उचलून’चे ‘उचलीसन’ होते आणि ‘केळी’ची ‘केयी’, पण ‘घे’ आणि ‘दे’ यांचा हा व्यवहार तिच्यातही तसाच चालतो. ज्या मुलाने लहानपणापासून हे तीन हुकूम वेगळे ओळखले आहेत, त्याला ‘पुट अप’, ‘पुट off’ यांतील फरक समजणार नाही असे मानण्यास काही आधार नाही. त्याला त्याचेच उदाहरण कोणी दाखवलेले नसते, एवढेच.

एक तांत्रिक साम्यही नोंदवण्यासारखे आहे. इंग्रजीत सर्वनाम क्रियापद व अव्यय यांच्यामध्येच येते; ‘पिक इट अप’ म्हणावे लागते, ‘पिक अप इट’ चालत नाही. मराठीत कर्म असे मध्ये येत नाही, पण ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘सुद्धा’ ही अव्यये दोन क्रियापदांच्या मध्ये सुखाने बसतात : ‘उचलून तर धर’, ‘उचलूनही दिले नाही’. जोडी एकजीव असूनही तिच्या मध्ये फट असते, ही गोष्ट विद्यार्थ्याला परकी नाही.

‘उचल’

क्रियापदापासून नाम झाले की शब्दाचे सामाजिक आयुष्य सुरू होते. इंग्रजीत ‘पिकअप’ या नामाने वाहन दाखवले, रस्त्यावरची क्षणिक ओळख दाखवली, ध्वनी पकडणारे उपकरण दाखवले. मराठीत ‘उचल’ झाली आणि ती मजुराच्या वहीत जाऊन बसली. खानदेशात आखाजीच्या सुमारास सालदाराचे साल ठरवण्याची जुनी चाल आहे. साल ठरताना सालदार उचल घेतो. धुळे-नंदुरबारकडील आदिवासी कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात, बीडकडील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जातात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून नवराबायकोच्या कोयत्यापोटी उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फिटत राहते.

इंग्रजीत याला ‘अॅडव्हान्स’ म्हणतात. भाषांतर म्हणून ते बरोबरच आहे. कोणत्याही कोशात दुसरे मिळणार नाही. परंतु ‘अॅडव्हान्स’ हा देणाऱ्याचा शब्द आहे : त्याने पैसे पुढे केले. ‘उचल’ हा घेणाऱ्याचा शब्द आहे : त्याने ते उचलले, आता ते त्याच्या अंगावर आहेत. ‘अंगावर उचल आहे’ हा प्रयोग इंग्रजीत सांगायचा तर एक परिच्छेद लिहावा लागतो. श्रमिकांच्या स्थलांतरावर इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या समाजशास्त्राच्या व अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते : हा शब्द भाषांतरित करून मोकळे होऊ नये, तो देवनागरी उच्चारासह तसाच ठेवावा आणि एकदा समजावून सांगावा.

सरकारी मराठीतही उचल आहे, पण तेथे तिचे वजन उतरलेले दिसते. रेशनच्या धान्याची ‘उचल’ झाली की नाही असे विचारले जाते आणि भारतीय इंग्रजी कागदांत त्यालाच ‘लिफ्टिंग’ म्हणतात. व्यापारी ‘माल उचलत नाही’ म्हणजे खरेदी करीत नाही. भाव पडले असता केळी उत्पादकाला सर्वांत जास्त भीती या वाक्याची वाटते. हा अर्थ ‘पिक अप’मध्ये नाही. वर्तमानपत्री मराठीत भाव, रोग, जुना वाद किंवा दबलेली इच्छा ‘उचल खाते’, आणि येथे इंग्रजीशी गाठ पुन्हा पडते, कारण पडलेले वर येण्याचा अर्थ दोन्हींत आहे. उचल ‘खाण्या’ची वस्तू कशी झाली हे मात्र कळत नाही, मराठी गोते, मार, भाव आणि हवाही खाते, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही.

‘उचल्या’

चोरीचा अर्थ या क्रियापदाला केव्हापासून चिकटला ते असो, पण तो दोन्ही भाषांत वेगवेगळ्या शब्दांना चिकटला. इंग्रजीत दुकानातून वस्तू लांबवणारा ‘लिफ्ट’ करतो आणि खिसा साफ करणारा ‘पिक’ करतो. मराठीत खिसा कापतात, म्हणून खिसेकापू. आणि वस्तू उचलतात, म्हणून उचल्या. दुसऱ्याचा मजकूर उचलणे यालाही आपण उचलेगिरीच म्हणतो, इंग्रजीतही तो ‘लिफ्ट’ केलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी विनियम काढले, तेव्हापासून या अर्थाची महाविद्यालयांत बरीच वर्दळ आहे.

परंतु ‘उचल्या’ हा शब्द एका माणसाला लावणे वेगळे आणि एका जमातीला लावणे वेगळे. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचे ‘उचल्या’ हे शीर्षक या संदर्भात विचारात घेतले पाहिजे. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ मध्ये ज्यांना त्या कायद्यातून मुक्त केले गेले, त्यांपैकी एका जमातीत लातूर परिसरात वाढलेल्या मुलाची ही कहाणी आहे. चोरीचे शिक्षण, पोलिसांचा मार, उपासमार आणि या सगळ्यांतून वाट काढत गाठलेली शाळा असा तिचा प्रदेश आहे.

या पुस्तकाचा पी. ए. कोल्हारकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘द ब्रँडेड’ या नावाने आला. अनुवादकाने ‘द पिल्फरर’ किंवा तत्सम शब्द वापरला नाही ही गोष्ट विचारपूर्वक केलेली दिसते. ‘उचल्या’त कर्ता तो माणूस आहे, ‘ब्रँडेड’मध्ये कर्ता दुसरा कोणी आहे आणि माणसावर डाग दिला गेला आहे. इंग्रजी वाचकाला, ज्याला १८७१ चा कायदा ठाऊक असण्याची शक्यता कमी, शीर्षकातच कायद्याचा हात दिसतो. हा लाभ मोठा आहे. पण तोटाही तेवढाच आहे. मराठी शीर्षकात लेखक ती शिवी स्वतःच्या हाताने उचलतो आणि मुखपृष्ठावर ठेवतो. वाचकाला पुस्तक मागताना तो शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागतो. ‘ब्रँडेड’ उच्चारताना कोणालाही अवघडत नाही. आजच्या बाजारात तर त्या शब्दाला भारी कपड्यांचा वास येतो, आणि हा दोष अनुवादकाचा नाही, काळाचा आहे. माझे मत विचाराल तर मूळ शब्द ‘उचल्या’ असाच रोमन लिपीत ठेवून खाली उपशीर्षकात डागाची कल्पना आणणे अधिक न्याय्य झाले असते.

या विषयात एक क्रूर गंमत भाषेनेच करून ठेवली आहे. पोलीस संशयिताला ‘उचलतात’. इंग्रजीतही पोलीस ‘पिक अप’च करतात. ज्यांना उचल्या म्हटले गेले त्यांच्या वस्तीत चोरी होवो वा न होवो, माणसे उचलली जात. एकाच क्रियापदाचा कर्ता आणि कर्म होण्याची पाळी एकाच माणसावर आली. अटक, ताब्यात घेणे, चौकशीसाठी बोलावणे हे कायद्याचे शब्द आहेत आणि त्यांना कागद लागतो. ‘उचलणे’ला कागद लागत नाही, आणि ‘पिक अप’लाही. दोन्ही भाषांनी या एका बाबतीत अगदी सारखा शब्द निवडावा, याची कारणे व्याकरणाबाहेर आहेत.

‘पिकअप’

यावरून एक प्रश्न सुटतो. पाहुण्यांना स्थानकावरून आणायला जाणे यासाठी इंग्रजीत सरसकट ‘पिक अप’ आहे. मराठीत आपण ‘घ्यायला जातो’ किंवा ‘आणायला जातो’. ‘मी सरांना स्टेशनवरून उचलतो’ असे कोणी म्हटले तर वर्ग हसतो. हसण्याचे कारण वजन हेच आहे. मराठीत माणूस उचलला जातो तो तान्हा असताना, आजारी पडल्यावर, मेल्यावर, नाहीतर पोलीस आल्यावर. चालत्याबोलत्या, सन्माननीय माणसाला उचलत नाहीत. म्हणूनच शहरी मराठीला ‘मी तुम्हाला पिकअप करतो’ असा इंग्रजी शब्द घ्यावा लागला. तो आळसाने आला असे म्हणून नाक मुरडण्याची सवय आपल्याला आहे, पण ‘उचलणे’ने दार बंद ठेवले होते म्हणून तो खिडकीतून आला, एवढे तरी मान्य करावे.

इतरत्र ‘पिकअप’ मराठीत स्वतःच्या पायावर उभा राहिला आहे. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर सावदा, फैजपूर, यावल या पट्ट्यात शेतातून माल आणणारे छोटे मालवाहू वाहन म्हणजे पिकअप. मोटारसायकलला चढावर दम किती आहे तो तिचा पिकअप; ‘गाडी पिकअप घेत नाही’ हे वाक्य इंग्रज माणसाला तसेच कळणार नाही, त्याच्याकडे गाडीच ‘पिक अप’ करते, पिकअप ही घेण्याची वस्तू नसते. एसटीच्या थांब्यावरील निवाऱ्याला ग्रामपंचायतींच्या कागदांत ‘पिकअप शेड’ म्हणतात. तिन्ही ठिकाणी इंग्रजी क्रियापदाचे मराठी नाम झाले आहे आणि त्याला परत क्रियापद करण्यासाठी ‘घेणे’, ‘करणे’ अशी मराठी क्रियापदे जोडली गेली आहेत. म्हणजे परका शब्दही मराठीने संयुक्त क्रियापदाच्या आपल्याच साच्यात बसवून घेतला.

उत्तरतालिका

बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत ‘पिक अप’समोर ‘उचलणे, सुधारणे, शिकणे’ असे तीन शब्द स्वल्पविराम देऊन छापलेले असतात. त्यांत चूक एकही नाही. पण कोणता शब्द केव्हा, हे सांगणारे वाक्य तेथे नसते आणि विद्यार्थी तीनपैकी एकावर बोट ठेवतो. जुन्या तर्खडकरी भाषांतर पाठमालांची आपण पुष्कळ थट्टा केली. त्यांतली वाक्ये कृत्रिम होती हेही खरे. तरी त्या पाठमाला वाक्यासमोर वाक्य ठेवीत, शब्दासमोर शब्द नव्हे, आणि त्यामुळे मराठी वाक्याचीही परीक्षा होई. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. आज पदवीला येणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो, पण ते शिकताना मराठीने कसे विचार करावा हे त्याला कोणी विचारलेले नसते.

त्या विद्यार्थ्याच्या वाक्याकडे शेवटी परत जातो. ‘भाव उचलले’ यात ‘उचलणे’ अकर्मक आहे. आपल्या शालेय व्याकरणात काही क्रियापदांना उभयविध म्हणतात, कारण ती सकर्मकही चालतात आणि अकर्मकही. इंग्रजी ‘पिक अप’ नेमके तसेच आहे : माणूस काही उचलतो आणि धंदा आपोआप उचलतो. प्रमाण मराठीत ‘उचलणे’चा अकर्मक प्रयोग विरळा, तेथे आपण ‘उचल खाल्ली’ म्हणतो. बाजारात मात्र तो जिवंत आहे. विद्यार्थ्याने इंग्रजी क्रियापदाचे उभयविध स्वरूप ओळखले होते आणि मराठीत त्याला उभयविध जोडीदार शोधून दिला होता. ‘वधारले’ हा माझा शब्द अधिक शुद्ध होता. पडलेला भाव वर येत आहे ही ‘अप’मधील गोष्ट मात्र त्यात नव्हती, कारण न पडलेला भावही वधारतो.

चाचणीचे गुण तोवर नोंदवून गेले होते. पुढील वर्षी तेच वाक्य मी पुन्हा दिले आणि नमुना उत्तरांत ‘भावांनी उचल खाल्ली’ व ‘भाव उचलले’ ही दोन्ही रूपे लिहिली. विभागाच्या फाइलमधील त्या कागदावर दुसऱ्या रूपाखाली एका सहकाऱ्याने पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. मी ते खोडलेले नाही.